समजेल अशा भाषेत

वकील, फिर्याद, जामीन, दावा, हजर, कैद. विद्यार्थी मित्रांनो, हे शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. मराठी कोर्टात ते शेकडो वर्षांपासून आहेत. म्हणून कोर्टाची मराठी तुम्हांला निम्मी तरी ओळखीची वाटेल. पण ज्याला त्यातला एकही शब्द कळत नाही, त्याचे काय?

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्लीकडे माडिया बोलतात. सिरोंच्याला तेलुगू ऐकू येते. समजा, भामरागडजवळच्या एका टोल्यावरील माणसाला पोलिसांनी अटक केली. त्याला फक्त माडिया येते. आपल्या संविधानाचे कलम 22 सांगते, की अटकेचे कारण त्याला लवकरात लवकर कळवले पाहिजे, आपल्या पसंतीचा वकील त्याला घेता आला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. प्रवासाला लागणारा वेळ या चोवीस तासांत धरत नाहीत. जंगलातल्या लांबच्या वाटा लक्षात घेता हे बारकाईने वाचण्यासारखे आहे!

पण कारण कळवायचे ते कोणत्या भाषेत? हा प्रश्न आपल्या विदर्भातूनच दिल्लीला गेला होता. 1961 साली हरिकिसन नावाच्या एका कार्यकर्त्याला प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केले होते. असा कैदी सरकारकडे आपले म्हणणे मांडू शकतो. त्यासाठी कारणे त्याला कळवावी लागतात. त्यांना दिलेला कागद इंग्रजीत होता. ‘मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या,’ असे त्यांनी मागितले. अधिकारी म्हणाले, तोंडी समजावून सांगितले आहे, तेवढे पुरे. उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. मात्र 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. ज्याला उत्तर लिहायचे आहे, त्याला कारणे त्याच्या भाषेत, त्याला वाचता येईल अशा लिपीत मिळाली पाहिजेत, असे ठरवून त्यांची सुटका केली.

एका न्यायालयाची चूक दुसरे न्यायालय सुधारू शकते ते असे. आपल्याकडे ही एकच शिडी आहे. खाली तालुक्याचे न्यायालय, वर चंद्रपूर व गडचिरोली येथील जिल्हा व सत्र न्यायालये, मग मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आणि शेवटी दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. अमेरिकेत मात्र राज्यांची न्यायालये निराळी व केंद्राची निराळी. तेथे मोठ्या गुन्ह्याच्या खटल्यात दोषी की निर्दोष हे बहुधा सामान्य नागरिकांची ज्यूरी ठरवते. पोलिसांनी कोठडीत चौकशी करण्यापूर्वी ‘तुम्हांला गप्प राहण्याचा हक्क आहे’ असे सांगितलेच पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे आपल्याही कलम 20 मध्ये आहे.

आता त्या टोल्यावरच्या माणसाकडे वळू. खटला सुरू झाला, साक्षीदार मराठीत बोलू लागला. कायद्याप्रमाणे ती साक्ष आरोपीला समजेल अशा भाषेत तेथल्या तेथे सांगावी लागते. म्हणून माडिया जाणणारा दुभाषा हवा. वकिलाची फी देण्याची ऐपत नसेल तरी अडत नाही. आदिवासी, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना 1987 च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि लिहिता येत नसेल तर तेथील माणसे तो लिहून घेतात.