वायरमनला तपासणीचेही पैसे द्या

घरातल्या विजेच्या कामाला आपण एकच कसोटी लावतो. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला, की काम झालं. दिवाळीआधी रंगकाम निघतं, मग वायरमनला बोलावून दोन बोर्ड बदलले जातात, गॅलरीत माळांसाठी एक प्लग काढला जातो, जमलंच तर गिझरचा पॉइंटही सरकवून घेतला जातो. पैसे पॉइंटच्या हिशेबानं ठरतात. भिंतीआडची तार किती तापते, तिचं आवरण शाबूत आहे का, अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचतं का, हे वायरमनला कुणी विचारत नाही आणि ते पाहण्याचे पैसेही कुणी देऊ करत नाही. जुन्या घरांतलं वायरिंग धोक्याचं होतं ते वायरमनच्या अडाणीपणापेक्षा या व्यवहारामुळे, असं माझं ठाम मत आहे. चालू करून देण्याचे पैसे आपण देतो, तपासण्याचे देत नाही. म्हणून तपासणी होतच नाही.

ही तपासणी का हवी, ते जुन्या घरांकडे नीट पाहिलं की कळतं. मुंबईतल्या चाळी, पुण्या-नाशकातले वाडे यांत लाकडी पट्ट्यांवरून किंवा लाकडी केसिंग-कॅपिंगमधून रबरी आवरणाच्या तारा नेलेल्या असत. रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि हात लागताच ते गळून पडतं. त्यानंतरच्या फ्लॅटमध्ये बऱ्याच ठिकाणी स्वस्त म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आल्या. अ‍ॅल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण साठ टक्के. शिवाय हा धातू मऊ असल्यानं स्क्रूखाली दबत दबत सैल होतो, त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तांब्याशी जोडला की दमट हवेत तो जोड खराब होत जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात, हे वेगळं सांगायला नको. पण तरीही हे वायरिंग टिकलं, कारण त्याच्यावर भारच नव्हता. ६० वॅटचे दोन-तीन बल्ब, एक-दोन पंखे, रेडिओ आणि कधीमधी इस्त्री, एवढाच संसार होता. आज त्याच घरात २ किलोवॅटचा गिझर असतो आणि तो एकटाच २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. दीड टनाचा एसी, इंडक्शनची शेगडी आणि मायक्रोवेव्ह सोबत चालले, तर बेरीज तीस अँपिअरच्या आसपास जाते. ‘चाळीस वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद त्यामुळेच लागू पडत नाही. ती चाळीस वर्षं बहुतांशी वेगळ्या भाराची होती.

तारेत निर्माण होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. आगीच्या बातमीत ‘शॉर्ट सर्किट’ हे कारण ठरल्यासारखं येतं, पण फेज आणि न्यूट्रल एकमेकांना थेट भिडले तर प्रवाह एवढा उसळतो की योग्य क्षमतेचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, निमिषात पडतो. जास्त फसवा प्रकार असतो तो सैल जोडाचा. गिझरच्या बोर्डामागे एखादा जोड सैल होऊन तिथं फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला, असं धरू. ८.७ अँपिअरचा प्रवाह त्यातून गेला की त्या एका टोकावर सुमारे ३८ वॅट उष्णता साठू लागते. कथील वितळवणारी वायरमनची साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. एमसीबीच्या दृष्टीनं मात्र इथं काहीच बिघडलेलं नाही, कारण प्रवाह ८.७ अँपिअरच आहे, वाढलेला नाही. पाणी तापतं, दिवा लागतो आणि बोर्डाच्या आत प्लास्टिक काळं पडत जातं. म्हणून प्लग काढताना तो गरम लागला, बोर्डाजवळ जळका वास आला किंवा स्विचला कार्बन धरलेला दिसला, तर तो स्विच बदलून भागत नाही. मागचा जोड उघडून पाहावा लागतो.

याच संदर्भात एका घातक सवयीबद्दल बोलायला हवं. एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा बसवून घेणं, किंवा फ्यूजमध्ये जाड तार भरणं. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या सोयीसाठी नव्हे. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर आधी तार जळेल आणि मग एमसीबी पडेल. ग्राहक ‘पुन्हा पडता कामा नये’ असं सांगतो आणि वायरमन ते करून देतो. दोष दोघांचा आहे, पण मागणी आपली असते.

अर्थिंगची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण ते नसलं तरी काहीच अडत नाही. अनेक जुन्या इमारतींत अर्थची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. पुढे नळकाम बदलून प्लास्टिकचे पाइप आले आणि अर्थ नाहीसा झाला, पण घरात कुणाला कळलंही नाही. कुठे तीन पिनांचा सॉकेट बसवताना अर्थची तारच नव्हती, म्हणून त्याची अर्थची पिन आत न्यूट्रलला जोडून टाकली. आता फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून पाहिला तर तो लखलखीत लागतो आणि अर्थिंग असल्याची खात्री पटते. पण न्यूट्रल कुठंतरी तुटला, की फ्रीजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात. टेस्टर किंवा बल्ब हा दोष दाखवत नाही. त्यासाठी मेन स्विच बंद करून जोडणी उघडावी लागते आणि अर्थचा रोध मीटरनं मोजावा लागतो.

शॉक लागण्यापासून वाचवणारं साधन म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ते तुलना करतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून गळते आहे असं दिसलं, की ते क्षणात पुरवठा तोडतं. साध्या एमसीबीला ही गळती कळतच नाही, कारण जीव घेणारा प्रवाह त्याच्या क्षमतेच्या कितीतरी खाली असतो. अर्थिंग नसलं तरी माणसाचा हात लागताच आरसीसीबी पडतो. अर्थिंग चांगलं असेल तर हात लागण्याआधीच पडतो. जुन्या घरात तो बसवला की सारखा पडतो, अशी तक्रार येते आणि काही ठिकाणी तो वगळून तारा थेट जोडल्या जातात. ही तक्रार म्हणजेच त्याचं निदान आहे. कुठंतरी आवरण गेलं आहे, किंवा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला जोडला गेला आहे. देशात गेल्या काही वर्षांत विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं दगावत आहेत, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. त्यांत शेतातले आणि वाहिन्यांवरचे अपघातही आहेत, पण घरातले जे आहेत त्यांतले कितीतरी या एका डबीनं टळू शकतात.

मग काम कुणाकडून करून घ्यायचं? भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच अट होती, आणि नंतरच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत ती कायम राहिली: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी कामं सोडून वायरिंगमध्ये भर घालणं, फेरफार करणं हे परवानाधारक कंत्राटदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या तारतंत्र्याच्या हातून झालं पाहिजे. यावर लोकांचा आक्षेप असतो की कागद असणारा कुशल असतोच असं नाही, आणि आमचा गल्लीतला माणूस वीस वर्षं घर ओळखतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जोड कुठल्या भिंतीत पुरला आहे ही माहिती त्याच्याशिवाय कुणाकडे नसते आणि ती अमूल्य आहे. म्हणून त्याला काढून टाकू नये. परवाना कौशल्याची हमी नसला तरी उत्तरदायित्वाची नक्की आहे: कामावर कुणाची सही आहे, हे कळतं. स्थानिक वायरमननं परवानाधारकाच्या हाताखाली काम करावं, किंवा स्वतः आयटीआय करून परमिट घ्यावं, यासाठी त्याला आपल्याकडून चांगले पैसे मिळाले पाहिजेत. पॉइंटचा दर दहा रुपयांनी पाडून घेणारा ग्राहक ते होऊ देत नाही.

नवी वीजजोडणी घेताना कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्यानंतर सर्वसाधारण घराकडे मोजमाप घेऊन कुणी फिरकत नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी घरमालकांना भाड्याच्या घराची वीजव्यवस्था दर पाच वर्षांनी तपासून घेणं बंधनकारक केलं. फ्रान्समध्ये २००९ पासून, वीजव्यवस्था पंधरा वर्षांहून जुनी असेल, तर घर विकताना तिचा तपासणी अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडे असा कायदा यायला हवा. तोपर्यंत हे आपणच करायला हवं.

खर्चाचा आणि भिंती फोडण्याचा आक्षेप रास्त आहे. पण सगळं वायरिंग एका वेळी बदलण्याची गरज क्वचितच असते. आधी आरसीसीबी, मग खरं अर्थिंग, मग गिझर आणि एसी यांना डीबीपासून, म्हणजे एमसीबी असलेल्या पेटीपासून, प्रत्येकी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, असा क्रम लावता येतो. ही तार प्लास्टिकच्या केसिंग-कॅपिंगमधून भिंतीवरूनच नेता येते, फोडाफोड लागत नाही. पागडीच्या घरात राहणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, पण मीटरपासून पुढची व्यवस्था ग्राहकाचीच जबाबदारी असते आणि घराच्या आतला आरसीसीबी घरमालकाची वाट न पाहता बसवता येतो. जिना आणि मीटरखोलीतल्या सामाईक तारांसाठी मात्र सोसायटीनं किंवा भाडेकरूंनी एकत्र येऊनच काम करून घ्यावं लागेल. एका घराची तपासणी महाग वाटते, चाळीतल्या चाळीस खोल्यांची एकत्र केली तर वाटत नाही.

तपासणी म्हणजे काय मागायचं, हे ठाऊक असावं. प्रत्येक सर्किटचा आवरणरोध ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान १ मेगाओहम यायला हवा. अर्थचा रोध, क्लॅम्प मीटरवर प्रत्यक्ष भार, कुठल्या तारेवर किती अँपिअरचा एमसीबी, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला का, हे सगळं तारखेसह आणि सहीसह कागदावर घ्या. बिलावरचा मंजूर भार घरातल्या उपकरणांच्या बेरजेशी ताडून पाहा; कमी असेल तर वाढवून घ्या. या दिवाळीत माळांची उघडी टोकं काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचू नका, प्लग लावा. आणि सण झाला की पावसाळ्याची वाट न पाहता वायरमनला पुन्हा बोलवा, या वेळी काहीही नवीन न बसवता फक्त मोजण्यासाठी, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.