चार पौर्णिमा, चार नाटके

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आपल्या सोपाऱ्याच्या मातीत सापडला, हे नालासोपाऱ्यातील किती समाजबांधवांना ठाऊक आहे? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच सुमारास हा तुकडाही उजेडात आला. त्या आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी सहली काढत. अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या. करमणूक टाकून प्रबोधन धरणारा हा विचार आपल्याच गावात दगडावर कोरलेला होता. आणि आज आपल्या वस्त्यांत काय चालले आहे?

१४ एप्रिल आला की डीजेच्या भिंती उभ्या राहतात. ऑर्केस्ट्रा होतो, वर्गणी संपते आणि पंधरा एप्रिलला सारे शांत. नाटक झालेच तर एका रात्रीचे. टाळ्या पडतात, पडदा पडतो, पुढच्या वर्षी दुसरेच काही. एका रात्रीने डोळे पाणावतात, पण विचार मनात मुरत नाही. तो मुरण्यासाठी एकाच सूत्रात ओवलेली नाटके ठरावीक अंतराने, त्याच प्रेक्षकांसमोर व्हावी लागतात. नाटकाचा हंगाम म्हणतात तो हाच. असा हंगाम नालासोपाऱ्याच्या बुद्ध विहारांतून सुरू व्हावा, अशी या लेखातून मागणी आहे.

त्यासाठी नवा मोसम शोधायला नको. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. या तीन महिन्यांत विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. उपासक-उपासिका जमलेल्याच असतात. या काळात चार पौर्णिमा येतात. पौर्णिमेला लागून येणाऱ्या रविवारी एक, अशी चार नाटके करा. रविवारच का? कारण आपला माणूस पहाटेची लोकल धरून चर्चगेटच्या दिशेने जातो आणि रात्री घरी परततो.

काही शहाणे म्हणतील, नाटक हा आपला प्रांत नव्हे. त्यांना इतिहास सांगावा लागेल. अश्वघोष हा बौद्ध कवी. त्याच्या ‘शारिपुत्रप्रकरण’ या नाटकाचे ताडपत्री तुकडे मध्य आशियात सापडले. संस्कृत नाटकाचे हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने अवशेष मानले जातात आणि त्याचा विषय आहे शारिपुत्र व मौद्गल्यायनाची धम्मदीक्षा! मराठीत महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात शिक्षण, स्वाभिमान, देवभोळेपणाचा त्याग हे विषय भरले. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही परिषदेचा ठराव जलशातून कळत होता. आपली रंगभूमी उसनी नाही. ती विस्मरणात गेली आहे.

आता चार नाटके कोणती?

पहिले, आषाढातले, सोपाऱ्याचे स्वतःचे. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी भगवान बुद्धांकडे जाऊन भिक्खू झाला आणि आपल्या मुलखात धम्म सांगण्यासाठी परत निघाला. तथागतांनी विचारले, तिथले लोक तापट आहेत, शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, मग काय करशील? प्रत्येक प्रश्नाला पूर्ण शांतपणे उत्तर देतो. एवढा नाट्यमय प्रसंग आपल्या गावाच्या नावावर आहे आणि त्यावर नाटक आपल्या पोरांनी लिहायचे नाही तर कोणी?

दुसरे, श्रावणातले, प्रेमानंद गज्वी यांचे ‘घोटभर पाणी’. ही १९७७ ची एकांकिका. दोन नट पुरतात, नेपथ्याचा खर्च नाही. महाडचे चवदार तळे १९२७ साली पेटले, तरी पाण्याचा प्रश्न पन्नास वर्षांनी नाटककाराला का मांडावा लागला, हे त्या रात्री तरुणांना विचारा.

तिसरे, भाद्रपदातले, नांदेडच्या दत्ता भगत यांचे ‘वाटा पळवाटा’. यात आपल्याच घरातला वाद आहे. जुन्या पिढीची निष्ठा, शिकलेल्या प्राध्यापकाचा विवेक आणि तरुणाची आग एकमेकांसमोर उभी राहतात. बाहेरच्या शत्रूवर नाटक करणे सोपे असते. स्वतःच्या चळवळीची झाडाझडती घेणारे नाटक वस्तीत करायला धाडस लागते. ते आपण दाखवावे.

चौथे, आश्विनातले, म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’. मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर त्याचा प्रयोग झाला आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही ते सादर झाले. युगायुगांतील अस्पृश्यांच्या छळाची ती साखळी आहे. आश्विन पौर्णिमा विजयादशमीनंतर पाचच दिवसांनी येते, म्हणून हंगामाचा शेवट येथेच शोभतो.

चारही नाटकांचे सूत्र एकच आहे: माणूस म्हणून उभे राहणे. पूर्ण निर्भय होतो, तहानलेला पाणी मागतो, शिकलेला स्वतःला तपासतो आणि समाज नव्या युगात पाऊल टाकतो. प्रत्येक प्रयोगानंतर अर्धा तास चर्चा हवी आणि पहिला प्रश्न उपासिकांनी विचारावा. वर्षावासाच्या वाचनाला मोठ्या संख्येने त्याच बसतात. मग रंगमंचावर त्यांनी का नसावे?

चर्चेत आजचा नालासोपारा आला पाहिजे. २०२५ च्या आरंभापर्यंत पूर्वेच्या अग्रवाल नगरी भागातील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडल्या गेल्या. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेले कष्टकरी रस्त्यावर आले. आरक्षित भूखंडावर इमारती उभ्या राहताना डोळे मिटणारे कोण होते? हे पाचवे नाटक अजून लिहायचे आहे. पुढच्या वर्षीचा हंगाम त्यानेच सुरू व्हावा.

वकील या नात्याने दोन गोष्टी. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तरीही लेखकाची वा वारसांची परवानगी मागा, कारण लेखकाचा मान राखणे ही आपली संस्कृती आहे. संहितेत मनमानी बदल मात्र करू नका. दुसरे, संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत द्या. या पूर्वतपासणीला अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. तो लढा अविष्कार स्वातंत्र्याचा आहे आणि आपलाही आहे. पण कागद अपुरे म्हणून ऐन प्रयोगाच्या रात्री कोणी पडदा पाडावा, अशी संधी देऊ नका.

खर्चाचे काय? जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचे पैसे बाजूला काढा. चार पौर्णिमांचा खर्च त्यातून निघायला हरकत नाही. विहार समित्यांनी आषाढ पौर्णिमेची वाट न पाहता याच महिन्यात बैठक लावावी, तालमीसाठी विहाराची किल्ली पोरापोरींच्या हाती द्यावी. अशोकाने मौजेच्या सहली सोडल्या होत्या. आपण निदान एक डीजे सोडू या.

जय भीम!