‘औषध’ म्हणू नका, विष म्हणा

आपल्या बोलण्यातला एक शब्द फार फसवा आहे. ढेकणांचे औषध, झुरळांचे औषध, उसाला मारायचे औषध. कुणी ते पोटात घेतले तरी आपण म्हणतो, ‘त्याने औषध घेतले.’ आम्ही परिचारिका म्हणून अपघात विभागात उभ्या असायचो, तेव्हा नातेवाइकांचे पहिले वाक्य हेच असायचे, “सिस्टर, औषध पोटात गेलंय.” आमचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, “कोणतं?” त्यावर बहुतेक वेळा उत्तर नसायचे. बाटलीवर कागद नव्हता, दुकानदाराने पुडीत बांधून दिले होते, शेजारणीकडून वाटीभर आणले होते.

हे उत्तर नसणे जिवावर बेतते. कीटकनाशके सगळी सारखी नसतात. त्यांची वेगवेगळी घराणी आहेत आणि घराण्याप्रमाणे उपचार बदलतो. म्हणून या वेळी आपल्या घरात, गल्लीत आणि शेतात रोज दिसणाऱ्या या विषांची ओळख करून घेऊ.

शाहूपुरी ही व्यापाराची पेठ. इथे गुळाची आणि धान्याची उलाढाल आहे, जवळच जयंती नाला आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सखल गल्ल्यांत पाणी शिरले. पूर ओसरला की डास, माश्या, झुरळे, सगळे एकदम वाढते. एका खोलीत सहा माणसे, तिथेच चूल, तिथेच अंथरूण. अशा घरात मारलेले विष किड्याला लागते तसे आपल्यालाही लागते.

विषांची घराणी

पहिले घराणे क्लोरीनचे. डीडीटी आणि गॅमेक्सिन पावडर यातलीच. डीडीटी किडे मारते हे पॉल म्युलर या शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये शोधले आणि १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. हिवतापाविरुद्ध तिने मोठे काम केले. पण ही रसायने मातीत लवकर नासत नाहीत, आणि प्राण्यांच्या व माणसाच्या चरबीत साठत जातात. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ पासून बंद आहे. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये थांबवले. कुणाच्या माळ्यावर जुन्या गॅमेक्सिनचा डबा असेल, तर ती पावडर मुंग्यांवर किंवा मुलींच्या डोक्यातल्या उवांवर चुकूनही टाकू नका.

दुसरे घराणे फॉस्फरसचे. रुग्णालयात सगळ्यात जास्त धावपळ यांच्यामुळे होते. क्लोरपायरिफॉस (वाळवीसाठी), डायक्लोरव्हॉस (ढेकणांसाठी वापरले जाणारे ‘नुवान’), फोरेट (शेतकऱ्यांचे ‘थिमेट’), मोनोक्रोटोफॉस, मॅलॅथिऑन ही यातली नावे. १९३० च्या दशकात जर्मनीत याच रसायनांवर काम करताना टाबून आणि सारिन हे युद्धातले विषारी वायू निघाले. म्हणजे हे विष आणि युद्धातला वायू एकाच कुळातले.

ते काम कसे करते? आपल्या नसा स्नायूला निरोप देतात तेव्हा एक रसायन सुटते. निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकणारे एक एन्झाइम शरीरात असते. नळ सोडायचा आणि बंद करायचा, तसे हे चालते. फॉस्फरसचे विष त्या एन्झाइमलाच जखडून टाकते. मग नळ बंदच होत नाही. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, उलटी, जुलाब, छातीत घरघर, स्नायू उडणे आणि डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, ही त्याची लक्षणे. यावर अॅट्रोपिन हे इंजेक्शन आहे, सोबत प्रॅलिडॉक्सिमही देतात. ते वेळेत मिळाले तर माणूस वाचू शकतो.

तिसरे घराणे कार्बामेटचे. प्रोपॉक्सर, कार्बोफ्युरान, कार्बारिल ही यातली. लक्षणे फॉस्फरससारखीच, पण एन्झाइमवरची पकड तुलनेने लवकर सुटते. कार्बारिल, म्हणजे ‘सेविन’, बनवण्यासाठी भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट साठवले होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तो वायू सुटला आणि कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्त्या आधी बळी पडल्या. हजारो माणसे गेली. कीटकनाशकाचा धोका बाटलीतून सुरू होत नाही, कारखान्यातून सुरू होतो. आणि कारखान्याशेजारी कोण राहते, हे आपल्याला सांगायला नको.

चौथे घराणे पायरेथ्रॉइडचे. शेवंतीच्या जातीच्या एका पांढऱ्या फुलात किडे मारणारा अर्क असतो, त्याची नक्कल करून ही रसायने बनवली. डासांची कॉइल, वातीची बाटली, झुरळांचा फवारा, मुंग्यांचा खडू, औषध लावलेली मच्छरदाणी, या सगळ्यांत बहुधा हीच असतात. माणसाला ती तुलनेने कमी घातक, पण निरुपद्रवी नाहीत. दम्याच्या माणसाला त्रास होतो, कातडीला आग आणि मुंग्या येतात.

पाचवे घराणे निओनिकोटिनॉइडचे. तंबाखूतल्या निकोटिनवरून ही बनवली. जवळच निपाणीला तंबाखू पिकतो, आणि तंबाखूचा काढा पिकावर मारायची पद्धत जुनी आहे. इमिडाक्लोप्रिड हे आजचे नाव. वाळवीसाठी आणि शेतीत ते चालते. मधमाश्यांना मात्र ते घातक आहे.

या घराण्यांबाहेरचे एक विष वेगळे सांगायला हवे. गव्हात, ज्वारीत टाकायची अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. सामान्य घराला ही गोळी विकायची परवानगीच नाही. झोपायच्या खोलीत धान्याची पोती आणि त्यात ही गोळी, म्हणजे सगळ्या घराचा जीव धोक्यात. धान्य कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

घरात काय पाळायचे

ढेकणांसाठी नुवान आणू नका. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहेत. कुणी विकत असेल तर तो गुन्हा करतो आहे. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा, खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओता, भिंतीच्या भेगा बुजवा.

कॉइल बंद खोलीत लावून झोपू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालते.

डेंगीचा डास आपल्याच पिंपात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. आठवड्यातून एक दिवस पिंप, हंडे, कुलरची टाकी रिकामी करून घासली तर फवाऱ्याची गरजच कमी होते. आरोग्य खात्याचे लोक पाण्यात टेमीफॉस टाकतात, तेही फॉस्फरसच्या घराण्यातलेच. पण त्याचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचे असते, म्हणून ते चालते. त्यांना टाकू द्या, स्वतः मागून आणून अंदाजाने टाकू नका.

उवांसाठी मेडिकलमधले लोशन आणि बारीक दातांची फणी पुरते. डोक्याची कातडी विष लवकर ओढून घेते. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांचे रक्त या गोळ्यांमुळे फुटते आणि कावीळ होते. मुंग्यांचा खडू पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो, तो मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आणि कोणतेही विष सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नका. विषाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल, डाळ ठेवू नका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतला माध्यान्ह आहार खाऊन २३ मुले गेली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडले होते. रिकामा डबा ठेचून, भोके पाडून निकामी करा.

कामावर काय मागायचे

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उलटा वारा, अंगावर साधा सदरा, नाकाला रुमाल. फवारणारे बहुतेक रोजंदारीवरचे किंवा दोन-चार एकरांचे धनी होते. नंतर सरकारने त्या भागात पाच कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबवली.

आपल्यातले कितीतरी जण औषध मारायच्या रोजाने जातात. बायका फवारलेल्या रानात भांगलणीला जातात. काही जण पालिकेच्या धूरफवारणीच्या कामावर आहेत. १९५८ मध्ये केरळमध्ये विष मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे गेली, त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याच्या नियमांत कामगाराला संरक्षक कपडे देणे आणि त्याची वैद्यकीय तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. हातमोजे, बूट, चष्मा आणि मास्क मागताना कुणी ‘फार शहाणा झालास’ म्हटले तरी मागा. ही मेहेरबानी नाही. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून फवारा, फवारताना तंबाखू-विडी नको, घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ आणि ते कपडे वेगळे धुवा.

डब्यावरचा चौकोनी शिक्का बघायला शिका. त्यात लाल रंग म्हणजे अतिशय जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम, हिरवा त्याहून सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

विषबाधा झालीच तर

१०८ ला फोन करा. कपडे काढा, अंग, केस, नखे साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. उलटी करवू नका, मीठ-पाणी, दूध, तूप पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. आणि डबा, बाटली, पुडी, जे असेल ते सोबत घ्या. सीपीआरला पोचल्यावर डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच दाखवा.

हे विष रागाच्या किंवा निराशेच्या क्षणी हाताला लागू नये, म्हणून ते कुलपात ठेवा. कर्ज, दारू, परीक्षा, घरातला छळ, कशानेही कुणाचे मन खचले असेल, तर त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

आज घरातला प्रत्येक फवारा, खडू, गोळी, डबा एका जागी मांडा. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला त्यावरचा कागद मोठ्याने वाचायला सांगा. नाव, रंग, घराणे वहीत लिहून ठेवा. ज्यावर कागद नाही ते वापरू नका. आणि येत्या रविवारी विहारात भेटाल तेव्हा ती वही शेजारणीला दाखवा.