गाडी ‘ॲव्हरेज’ किती देते? प्रश्नच जरा फसवा आहे

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा आपल्याकडे कोणत्याही गाडीवाल्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न. शहरात एका आकड्यावर काम भागतं. पण मागे बिछाना, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवलेली फोर-बाय-फोर कॅम्पर घेऊन तुम्ही मनालीहून लेहकडे निघालात, तर तोच आकडा तुम्हाला वाटेत अडकवू शकतो. या रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावरचा फलक प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर!

हाच आकडा धरून एक हिशेब करू. समजा, तुमची गाडी चांगल्या रस्त्यावर लिटरला १२ किमी देते आणि खडबडीत रस्त्यावर ६. निम्मं अंतर असं, निम्मं तसं. सरासरी ९, बरोबर? टाकीत ४५ लिटर डिझेल आहे, म्हणजे ४०५ किमी. निर्धास्त!

आता किलोमीटर सोडा, लिटर मोजा. पहिल्या १८२.५ किमीला १५.२ लिटर, उरलेल्या १८२.५ किमीला ३०.४ लिटर. एकूण ४५.६. टाकीत होतं ४५. म्हणजे पंपाच्या सुमारे ४ किमी अलीकडे गाडी बंद.

चूक कुठे झाली? खराब रस्त्यावर तेवढ्याच अंतराला दुप्पट डिझेल जळतं. त्यामुळे खरी सरासरी ९ नाही, ८ येते. गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात. पण नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. ‘१०० किमीला किती लिटर’ अशी नोंद ठेवा, म्हणजे वरचे आकडे ८.३ आणि १६.७ होतात. अंतरं सारखी असतील तर यांची साधी सरासरी काढता येते: १२.५ लिटर. अंतरं कमीजास्त असतील तर प्रत्येक टप्प्याचे लिटर काढून बेरीज करा.

आता मोजायचं कसं? टाकी फुल ते टाकी फुल. पण ‘फुल’ दर वेळी सारखं नसतं. पंपाची जमीन उतरती असेल तरी फरक पडतो. समजा हा फरक २ लिटरचा आहे. २० लिटर भरल्यावर ही १० टक्क्यांची चूक, ६० लिटरवर फक्त ३ टक्क्यांची. म्हणून एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका; चार-पाच वेळा भरलेले लिटर आणि त्यातलं अंतर, दोन्हींची बेरीज करून मग भागाकार करा.

टायर मोठे बसवले असतील तर किलोमीटरचा काटा कमी दाखवतो. परीघ ५ टक्क्यांनी वाढला, तर काट्यावर १०० असताना गाडी खरंतर १०५ किमी गेलेली असते. एकदा जीपीएसशी ताडून बघा.

कॅम्परच्या वहीत आणखी एक रकाना हवाच: उभ्या गाडीचं डिझेल. रात्री डिझेल हीटर चालवला किंवा बॅटरी चार्ज करायला इंजिन सुरू ठेवलं, की लिटर जातात आणि किलोमीटर शून्य. हे प्रवासाच्या आकड्यात मिसळलं, तर रस्त्याला उगाच दोष लागतो.

शेवटी राखीव किती ठेवायचं? सगळाच रस्ता खराब लागला असं धरा: ३६५ किमीला ६१ लिटर. अंदाज होता ४५.६. मधले १५ लिटर म्हणजे तुमचा राखीव साठा. उभ्या गाडीचं डिझेल त्यावर वेगळं. टांडीला टाकी भरताना हा हिशेब हाताशी असू द्या.