बंदरावरचा बावटा आणि मांजराकाठचे सोयाबीन

शनिवार-रविवारी समुद्रात शिडाची होडी काढावी की नाही, हा प्रश्न मुंबई-अलिबागकडच्या हौशी मंडळींच्या दृष्टीने करमणुकीचा असतो. वर्सोवा, मुरूड, हर्णै येथील तांडेलाच्या दृष्टीने तोच प्रश्न पोटाचा असतो. उत्तर मात्र दोघांनाही एकाच ठिकाणी शोधावे लागते. वाऱ्याची दिशा कोणती, वेग किती नॉट, लाटांची उंची किती, दृश्यमानता कशी, एवढ्या चार-पाच गोष्टी हवामान खात्याच्या किनारपट्टीच्या निवेदनात असतात आणि त्यांवरून होडी लोटावयाची की वाळूवर ओढून ठेवावयाची, ते ठरते. पावसाळा सरल्यानंतरच्या स्वच्छ दिवसांत तर निवेदनाचीही फारशी गरज भासत नाही. पहाटेचे मतलई वारे शिडाला बाहेर नेतात आणि दुपारनंतरचे खारे वारे त्याला घरी आणून सोडतात. हा हिशेब कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतो. हा नित्यक्रम मोडतो तेव्हाच बंदरावरच्या बावट्याकडे नजर जाते.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या माणसाला या साऱ्याशी कर्तव्य काय, असे कोणीही विचारील. कोकण किनाऱ्यापासून हे गाव सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि तेथील बहुसंख्य माणसांचा समुद्राशी कधी संबंध येत नाही. तथापि २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत जे घडले, ते पाहिले म्हणजे समुद्राचे हवामान आणि शिवाराचे हवामान अशी वाटणी किती कृत्रिम आहे, हे ध्यानात येते.

बंगालच्या उपसागरातील ‘गुलाब’ चक्रीवादळ रविवार, २६ सप्टेंबर रोजी आंध्र-ओरिसाच्या सीमेलगत किनाऱ्यावर आले. तेथील मच्छीमारांना आधीच बजावले होते. जमिनीवर येताच वादळाचा जोर ओसरला, परंतु पोटातले पाणी ओसरले नाही. तेलंगणातून पश्चिमेकडे सरकत त्याचे अवशेष २७ व २८ तारखांना मराठवाड्यावर आले आणि अतोनात पाऊस झाला. केज तालुक्यातीलच धनेगाव येथील मांजरा धरणाचे सर्व अठरा दरवाजे उघडावे लागले. नदीकाठची पिके, माती, जनावरे, मोटारपंप वाहून गेले. पुढे हेच अवशेष गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळावले, ‘शाहीन’ असे नवे नाव धारण करून रविवार, ३ ऑक्टोबर रोजी ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. गुजरात व उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील होड्यांना त्या आठवड्यात बाहेर न पडण्याचा इशारा होता. त्या होड्या ज्या वाऱ्याला भ्याल्या, तो मांजराकाठचे सोयाबीन बुडवून आला होता!

अर्थशास्त्राच्या पुस्तकात हवामानाचा अंदाज हे सार्वजनिक वस्तूचे नमुनेदार उदाहरण म्हणून शोभेल. एकाने तो ऐकला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा कमी होत नाही आणि कोणाला त्यापासून वंचित ठेवता येत नाही. परंतु अंदाजाचे मोल तो ऐकणाऱ्याच्या हाती काय करणे आहे, यावर ठरते, आणि ही बाजू पुस्तकात बहुधा दोन ओळींत आटोपते. होडी ओढून ठेवता येते. उभे पीक ओढून ठेवता येत नाही.

समुद्रावरील इशाऱ्यांमागे दीर्घ परंपरा आहे. १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण वादळानंतर पुढच्याच वर्षी तेथील बंदरात इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. म्हणजे १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याहूनही ती जुनी. आज बंदरांवर एक ते अकरा क्रमांकांचे संकेत आहेत. दूर समुद्रातील गडबडीसाठी एक आणि दोन, बंदराजवळच्या खराब हवेसाठी तीन आणि चार, आणि मग चढत्या धोक्याचे. कोळीवाड्यात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे म्हटले की पुरते. अकरावा मात्र निराळाच. इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे, एवढेच तो सांगतो.

ही व्यवस्था रक्ताची किंमत मोजून उभी राहिली आहे. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसकडे जाताना ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. अर्थात इशारा असला म्हणजे निभावले, असेही नव्हे. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाची सूचना कित्येक दिवस आधी मिळाली होती. तरीही मुंबईनजीकच्या तेलक्षेत्रातील पी-३०५ हा तराफा जागीच राहिला. त्यावर २६१ माणसे होती. त्यांपैकी सत्तरांहून अधिक परतली नाहीत. इशारा मिळूनही निर्णय ज्यांच्या हाती नव्हता, ती माणसे बुडाली. खलाशाचे दैनंदिन अर्थशास्त्रही याहून फार वेगळे नाही. डिझेल आणि बर्फ भरून झाल्यावर फेरी रद्द झाली, तर मालकाचा खर्च अंगावर पडतो आणि खलाशाचा वाटा बुडतो. आज्ञाधारकपणाची भरपाई कोणी देत नाही. म्हणूनच वादळ चुकले की पुढच्या इशाऱ्याची किंमत उतरते.

युसूफ वडगावच्या परिसरात सप्टेंबरअखेरीस सोयाबीन काढणीला आलेले असते. काही उभे, काही कापून शेतात पडलेले, काही गंजी घालून ठेवलेले. दोन दिवसांची खात्रीची सूचना मिळाली, तर गंजीवर ताडपत्री टाकता येईल, नदीकाठचा पंप वर काढता येईल, जनावरे हलवता येतील. पण ताडपत्री विकत घ्यावी लागते, मजूर लागतो, आणि त्याच दोन दिवसांत सारे गाव तोच मजूर शोधत असते. नुकसान झाल्यानंतरचा हिशेब आणखी निराळा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि हे मोजावयाचे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. एका मंडळात अनेक गावे. पाऊस मात्र मंडळाची हद्द पाहून पडत नाही. विम्यासाठी त्या साली बहात्तर तासांच्या आत नुकसान कळवावयाचे होते. वीज नाही, रस्त्यावर पाणी, अशा स्थितीत ते तास मोजत बसावयाचे!

सर्वांत अवघड जागी धरणावरचा अधिकारी असतो. मांजरा धरणाची क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर आहे आणि लातूरची तहान त्यावर अवलंबून आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये हेच धरण कोरडे पडले होते आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ज्याने ते दिवस पाहिले, तो भरत आलेल्या धरणातून केवळ अंदाजाच्या भरवशावर पाणी कसे सोडील? सोडले आणि पाऊस चुकला, तर लातूर त्याला विचारील. न सोडता पाऊस आला, तर नदीकाठ बुडेल. आणि नदीकाठाचा आवाज लातूरइतका मोठा नाही. निर्णयाची ही विषमता कोणत्याही हवामानयंत्राने दूर होणारी नाही. किती टक्के संभव असताना किती पाणी सोडावे, हा नियम आधी जाहीर हवा, आणि त्या नियमामुळे ज्याचे शेत बुडेल त्याची भरपाईही त्याच कागदावर लिहिलेली हवी. असे झाले तर चूक अंदाजाची ठरेल, अधिकाऱ्याची नव्हे.

जिल्ह्यासाठीचा कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. २०२१ च्या त्या मंगळवारी, २८ सप्टेंबरला, धरणाचे दरवाजे उघडले होते. नंतर पाणी ओसरले, चिखलातले सोयाबीन वेचून झाले, आणि दसऱ्यानंतर केज तालुक्यातील ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीप्रमाणे साखर कारखान्यांच्या वाटेला लागल्या.