ब्रेक दाबला, पण दिवा लागला का?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही गटाच्या सात जणी तालुक्याच्या बाजारातून फराळाचं सामान घेऊन परत येत होतो. गाडी घरची, चालवणारी आमच्यातलीच एक. दिवेलागणीची वेळ. अचानक म्हैस आडवी आली, गाडी थांबवली, आणि मागून धाडकन आवाज झाला. मोटारसायकलवर मागे बसलेली बाई रस्त्यावर पडली, तिचा हात मोडला. तिचा नवरा एकच सांगत होता, "ताई, तुमचा लाल दिवा लागलाच नाही हो." आम्ही ब्रेक दाबून पाहिला. खरंच, मागे अंधार होता. वीस दिवसांपूर्वी दसऱ्याला त्याच गाडीला झेंडूचा हार घातला होता, पण मागचे दिवे कोणी पाहिले नव्हते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारं वाहन एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे येतं, म्हणजे आपली वीस-बावीस पावलं. मागच्याला आपण थांबतोय हे एक सेकंद उशिरा कळलं, तर तेवढं अंतर गेलंच. म्हणून आज ब्रेक लाईटबद्दल बोलू.

दिवे असतात कुठे?

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो अशा मोठ्या गाड्यांना मागे डाव्या-उजव्या बाजूला दिव्यांचा एकेक संच असतो. रात्री हेडलाईट लावले की तिथे मंद लाल दिवा लागतो. तो ब्रेकचा नव्हे. पायाने ब्रेक दाबल्यावर जो ठळक लाल होतो, तो ब्रेक लाईट. बऱ्याच गाड्यांत मागच्या काचेजवळ उंचावर तिसरा दिवाही असतो.

तपासायला दोघी लागतात. एकीने ब्रेक दाबायचा, दुसरीने मागे उभं राहून बघायचं. काही गाड्यांत त्यासाठी किल्ली फिरवावी लागते. एकटीच असाल तर अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड पडला पाहिजे.

एकच दिवा बंद असेल तर

बहुतेक वेळा बल्ब गेलेला असतो. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून घ्या. दिवा नुकताच लागला असेल तर बल्ब गार होऊ द्या. काही गाड्यांत स्क्रू लाल काचेवरच असतात, तर काहींत मागचं दार उघडल्यावर कडेला दिसतात. ते काढले की दिवा हातात येतो. बल्ब थोडा आत दाबून डावीकडे फिरवला की सुटतो.

पुष्कळ गाड्यांत या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात आणि त्यावर १२ व्होल्ट, २१/५ वॅट असं लिहिलेलं असतं. ५ वॅटची तार रात्रीच्या मंद दिव्याची, २१ वॅटची ब्रेकची. म्हणून रात्रीचा दिवा लागतो याचा अर्थ ब्रेकचाही लागतो, असं समजू नका. जुना बल्ब दुकानात दाखवून तसाच आणा. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. जोर लावू नका, फिरवून बघा. नवा बल्बही लागला नाही, तर होल्डरमध्ये गंज किंवा धूळ असेल. कोरड्या फडक्याने पुसा. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणत असेल, तर अर्थिंगची तार सैल आहे असं समजा. एलईडी दिवे असतील तर हे काम वायरमनकडेच द्या.

सगळेच बंद असतील तर

सगळे बल्ब एकाच दिवशी सहसा जात नाहीत. आधी फ्यूज बघा. फ्यूजचा डबा स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला किंवा बोनेटमध्ये असतो आणि झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते दिलेलं असतं. आतली तार तुटलेली दिसली, तर तेवढ्याच आकड्याचा नवा घाला. मोठा फ्यूज किंवा तार गुंडाळून काम भागवू नका, वायरिंग जळू शकतं. नवा फ्यूजही उडाला, तर कुठेतरी तारा एकमेकींना किंवा पत्र्याला चिकटल्या आहेत. तिथे आपण थांबायचं.

फ्यूज चांगला असेल तर ब्रेक पेडलच्या दांडीवर, वरच्या टोकाला, एक छोटं बटण असतं ते बघा. ते फ्रीजच्या दारातल्या बटणासारखं काम करतं. पेडल वर असताना बटण दाबलेलं राहतं आणि दिवा बंद असतो. पेडल खाली गेलं की बटण सुटतं, दिवा लागतो. बटण अडकलं किंवा त्याची वायर निघाली तर सगळे दिवे बंद. उलट, बटणासमोरचा रबराचा तुकडा पडला तर दिवे सतत लागून राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

पेडल मऊ लागत असेल, खोल जात असेल, तर तो दिव्याचा नाही, ब्रेकचाच बिघाड आहे. गाडी जागेवरून हलवू नका, मेकॅनिकला बोलवा.

आमच्या गाडीचं काय झालं होतं? मागची एक वायर पत्र्यावर घासून सोलली होती, त्यामुळे फ्यूज उडाला. त्याच फ्यूजवर हॉर्नही होता. दोन दिवस हॉर्न वाजत नव्हता आणि आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं. गाडी बोलत होती, आम्ही ऐकलं नाही. त्या ताईचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता, ऐन दिवाळीत.

आता आमच्या गटात महिन्याच्या बैठकीला जी गाडी येते, तिचे दिवे आधी बघतो, मग हिशेबाची वही उघडतो. तुम्हीही या महिन्यापासून सुरू करा. ऊसतोडीचा हंगाम आला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीही बघा, मागे लाल दिवा नसेल तर मालकाला सांगा. मागून येणारंही कुणाच्या तरी घरचंच माणूस असतं.