यंत्र आले, अक्षरे कुठे आहेत?

सुरतेजवळच्या हजीऱ्याला लागूनच सुवाळीचा किनारा आहे. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रजी वखारीची जहाजे इथे नांगर टाकत. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे छापखान्याची मागणी केली आणि १६७४ साली हेन्री हिल्स हा मुद्रक छपाईची सामग्री घेऊन मुंबईत आला. भीमजींना देशी लिपीत ग्रंथ छापायचे होते. हिल्सला त्या लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. बेत तिथेच अडला. मराठी वाचकाच्या हातातल्या ई-बुक रीडरचे दुखणे आजही हेच आहे.

यंत्रात खोट नाही असे नव्हे. पान उलटताना पडदा क्षणभर काळवंडतो, मागच्या पानाची पुसट छाया रेंगाळते. पण मोबाइल असताना हे कशाला, हा आक्षेप टिकत नाही. ई-बुक रीडरच्या पडद्यावर काळे-पांढरे भारित कण जागा बदलून अक्षर उमटवतात, वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते आणि भर उन्हातही मजकूर स्वच्छ दिसतो. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. पुण्या-मुंबईचे पुस्तक त्यांना घरबसल्या मिळावे, यासाठी याहून सोयीचे साधन नाही.

अडते ते मजकुरापाशी. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली, तरी आपली असंख्य पुस्तके जुन्या डीटीपी फाँटमध्ये जुळवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये नसल्याने बरेचदा पीडीएफच हाती येते. सहा इंची पडद्यावर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवायचे. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधावा तर सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी तिथे ‘दुसऱ्या’ नसून भलतीच चिन्हे असतात. जुन्या फाँटचे युनिकोडमध्ये रूपांतर आपोआप होते, पण ऱ्य आणि जोडाक्षरे अनेकदा फुटतात. मुद्रितशोधकाने ती फाइल पुन्हा वाचल्याशिवाय पुस्तक तयार झाले असे म्हणता येत नाही.

प्रकाशक म्हणतात, खप थोडा आणि चोरी फार. चोरीची भीती खरी आहे, पण छापील पुस्तकही स्कॅन होतेच; डिजिटल कुलपांचा जाच मात्र पैसे मोजणाऱ्यालाच होतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या आणि नंतर माफी मागितली. विकत घेतलेले पुस्तक वाचकाचेच राहिले पाहिजे. प्रकाशकांनी निदान यापुढचे प्रत्येक नवे पुस्तक युनिकोडमध्ये जुळवावे आणि त्याची तपासलेली ईपब प्रत छापील प्रतीबरोबरच विक्रीला आणावी.